सात आसरा घेऊन नदीखालून

या गं, अशा जवळ सरका. पारूबाई, तू तर सगळ्यांच्या आधी ये, कारण हे लिहायला बसले ते तुझ्याचमुळे. गिरणीवर, डेअरीवर, ओझरला गणपतीच्या रांगेत, जिथं माणूस भेटेल तिथं तू सांगत सुटलीस की येडगावची चंद्राबाई पुण्यात जमिनीखाली हरवली आणि पोलिसांनी तिला हुडकून काढली. अगं, शेजारीण ना तू माझी? भिंतीला भिंत लागून आहे, आधी मला तरी विचारायचंस. मी हरवले नव्हते. मी कुठं आहे हे मला बरोबर ठाऊक होतं, मी नदीच्या खाली होते. बाकीच्यांना ठाऊक नव्हतं, त्याला मी काय करू? आणि पोलीस कुणी नव्हते, स्टेशनवरचे शिट्टीवाले रखवालदार होते.

तेव्हा आता खरं काय झालं ते ऐका. माझी शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं शिक्षण किराण्याच्या पुड्यांवर झालं. साखर संपली की कागद वाचायचा, अर्ध्यात गोष्ट तुटायची, पुढचं आपल्या मनानं जोडायचं. ती खोड अजून गेली नाही. कुठं मी मनानं जोडलं असं वाटलं तर सोडून द्या.

येडगाव

माझी वैशाली पुण्यात दिली आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. तिला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काय सांगायला लागतं का? मी डिंक आणून ठेवला, खारका फोडून ठेवल्या, मागच्या खोलीला चुना दिला. आणि विहीणबाईंचा, म्हणजे वैशालीच्या सासूबाईंचा, फोन आला की सगळं पुण्यातच होऊ द्या, दवाखाना जवळ आहे, तुम्हीच या इकडं. गोड बोलून सांगितलं, पण ठरवून सांगितलं.

मला राग आला तो दवाखान्याचा नाही. राग जुना होता. विहीणबाई आमच्याकडं उभ्या जन्मात एकदाच आल्या, पोरीला बघायला आल्या तेव्हा. मी मोठ्या हौसेनं शेजारून चार चांगल्या खुर्च्या मागून आणल्या आणि ओट्यावर मांडल्या, धरणाकडं तोंड करून. आमच्या ओट्यावरून येडगावच्या धरणाचं पाणी कसं दिसतं, लोक मुद्दाम बघायला येतात. तर ह्या बाई आल्या तशा सरळ आत गेल्या आणि माजघरात धान्याच्या कोठीला टेकून बसल्या. चहा आत, पोहे आत. निघतानाही पदर डोळ्यावर ओढून, खाली मान घालून जीपमध्ये बसल्या. लग्नानंतर चार सणांना बोलावलं, नाही आल्या. मी तेव्हाच ठरवलं, ही पेठेतली बाई आहे, हिला आमचा ओटा कमी वाटतो. सहा वर्षं मी हे मत जपलं, लोणच्यासारखं, अधूनमधून हलवून.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. वैशाली रोज कचेरीला जाते ती जमिनीखालच्या मेट्रोनं. फोनवर हसत सांगायची, आई, घराखालीच स्टेशन आहे. मला झोप येईना. आपल्याकडं साधी विहीर खोदली तरी काठाला सात आसरा बसवतो, पाण्याच्या त्या सात बहिणी. शेंदूर लावून सात दगड, हळदकुंकू, हिरव्या बांगड्या, नारळ. गरोदर बाईनं तर त्यांना डावलून पाण्याजवळून जाऊ नये. आणि या पुणेकरांनी अख्ख्या शहराखाली विहिरींची रांग खोदली, आडवी. कुणी विचारलं असेल का त्या सातजणींना? माझी पोर रोज पोटुशी त्यांच्या अंगणातून जातीय.

मी ठरवलं. आधी खाली जाऊन ओटी भरायची आणि मग वर येऊन पोरीला घेऊन यायचं. आमचे हे म्हणाले, "अगं, तिथं पाणी नसतं, रूळ असतात." मी म्हटलं, खोदलं की पाणी लागतंच. ते म्हणाले, तुझ्याशी बोलायला लागलं की माझा बोअर कोरडा जातो.

जुन्नर, मग पेठ

कुकडीच्या पात्रातून सात गोटे निवडले, शेंदूर लावला, सुती फडक्यात बांधले. बाजाराला जुन्नरला गेले तेव्हा मणियार चाचांकडून हिरव्या बांगड्या घेतल्या. चाचांनी माझ्या आईच्या हातात बांगड्या भरल्या, माझ्या भरल्या, वैशालीच्या भरल्या. त्यांनी विचारलं, माप कितीचं?

"आसरांना पाहिजेत चाचा. त्यांना हातच न्हाई, माप कुठलं?"

"मंग बाईमाणसाच्या मापाच्या न्या," चाचा म्हणाले. "देवाचं झालं की कुणाच्या तरी हातात जात्यातच."

तेव्हा मी हसले. पुढं आठवण ठेवा.

मासवड्या केल्या, रश्श्याची किटली वेगळी बांधली. एसटीचा प्रवास कसा असतो ते तुम्हाला सांगत बसत नाही. मंचरच्या पुढं पेठ गावाला गाडी चहाला थांबली तेवढं सांगते. खाली उतरले, चहा घेतला, पिशवी चाचपली तर फडकं सुटलेलं आणि गोटे सहाच. गाडीत चढून सीटखाली वाकले. कंडक्टर भाऊ आले, काय पडलं मावशी, पाकीट? मी म्हटलं, आसरा पडलीय एक. त्यांना काही कळेना. मागच्या सीटवरच्या घोडेगावच्या बाईला कळलं, ती लगेच पदर खोचून खाली बसली. मग सगळी गाडीच वाकली. शेवटी ड्रायव्हरच्या मागं स्टेपनीपाशी सापडली. घोडेगावची बाई म्हणाली, सातातली एक पुढं पळतेच, तिला पुण्याची घाई लई. कंडक्टर भाऊंनी दगड कपाळाला लावून मला दिला आणि म्हणाले, हिचं अर्धं तिकीट लागेल. सगळी गाडी हसली, मीपण हसले, पण फडक्याला दोन गाठी मारल्या.

विहीणबाईंची गॅलरी

वैशालीच्या घराखालचं ते स्टेशन पुण्याच्या जुन्या पेठांत आहे, नदीच्या अलीकडं. नाव लिहीत नाही, कारण तिथल्या एका पोरीनं माझ्यासाठी नियम जरा वाकवला. तिला कुणी विचारायला नको.

विहीणबाई तिसऱ्या मजल्यावर राहतात. व्याह्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळं ते सदा समाधानी. वैशाली कचेरीला गेलेली. आम्ही दोघी जेवायला बसलो. त्यांनी मासवडी खाल्ली, दुसरी घेतली. तिसरी घेताना म्हणाल्या, सारणात खसखस भाजून घातलीय. पेठेतल्या बाईला हे कसं कळलं म्हणून मी चमकले, पण मला भांडायचं होतं, तेव्हा तिकडं दुर्लक्ष केलं.

म्हटलं, आधी स्टेशनवरून सुरुवात करावी. मी विचारलं, तुमच्या घराखालून एवढं पोखरलं, तुम्हाला भीती नाही वाटली? झालं. बाई जी सुरू झाली! इतक्या वर्षांत मी त्यांना एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. मला गॅलरीत नेलं, खाली बोट दाखवलं. खाली मला दिसल्या रिक्षा, केळीवाला आणि काचेचं एक छप्पर. त्यांना त्या जागी काय काय दिसत होतं.

आधी माणसं आली आणि रस्त्यावर रंगानं खुणा करून गेली. मग एक यंत्र आलं, त्यानं जमिनीला भोकं पाडून आतून काळ्या दगडाच्या गोल कांड्या काढल्या. लाटण्यांसारख्या, म्हणाल्या, एका खोक्यात ओळीनं लाटणी मांडून ठेवावीत तशा. मग पत्रे ठोकले. गल्ली एवढी अरुंद झाली की समोरून भाजीची पिशवी आली की आपण दुकानात शिरायचं. खाली भांड्यांचं दुकान आहे ते शेठ राजस्थानातले, पणजोबांच्या वेळी आलेले, आता बोलण्यात अस्सल पेठेतले. त्यांनी पाटी लावली, 'दुकान चालू आहे, पत्र्यामागे पाहावे. पत्रा आमचा नाही.'

मग कडेनं जमिनीत खोल भिंती उतरवल्या आणि आत खोदायला लागले. वरच्या थरात खापरं, जुन्या विटा, बांगड्यांचे तुकडे. त्याखाली मुरूम. त्याखाली काळा पाषाण. मी मध्येच म्हटलं, आमच्या विहिरीलाही असंच, माती, मुरूम, पाषाण. त्या म्हणाल्या, सगळीकडं असंच असतं, वर माणसं निराळी. क्रेन एवढी उंच की तिच्या टोकावर घार बसायची आणि ती घार विहीणबाईंच्या डोळ्यासमोर यायची. ट्रक भरून भरून दगड गेले. पुढं खालून बोगद्याचं यंत्र आलं. ते दिसलं नाही कुणाला, पण मांडणीतली भांडी किणकिणायला लागली. आधी पातेली, मग ताटं, मग नुसत्या वाट्या. वाट्यांचा आवाज थांबला तेव्हा विहीणबाईंनी व्याह्यांना ओरडून सांगितलं, गेलं ते नदीकडं. मग खड्ड्यावर छप्पर घातलं, छपरावर माती, मातीवर रस्ता. आता नवीन भाडेकरूला सांगितलं तर खरं वाटत नाही.

"रोज बघत होता तुम्ही?" मी विचारलं.

"रोज. कणीक मळायची परात इथंच घेऊन बसायचे."

"आणि पाणी? पाणी लागलं का हो?"

तिथं बाई कठड्यापासून मागं सरकल्या. मग म्हणाल्या, लागलं. पंप होते. आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.

मी मनात म्हटलं, बघा, पाण्याचं नाव काढलं की हिला काहीतरी होतं. पण माझी अक्कल तेवढ्यावरच थांबली. मी चहा पिऊन पिशवी उघडली, गोटे दाखवले, सांगितलं की मला खाली ओटी भरायची आहे, चला. त्या म्हणाल्या, तुम्ही जाऊन या, मी खाली नाही येत.

"कधी गेलाच न्हाईत?"

"नाही."

अहो, ज्या बाईनं स्टेशनची लाटणी मोजली, ती ते सुरू झाल्यापासून एक पायरी उतरली नव्हती. मला काय, हातात कोलीतच मिळालं. मी म्हटलं, आमच्या लेण्याद्रीला लोकांनी हातोडी-छिन्नीनं डोंगर कोरला, तिथं आम्ही गुडघे दुखत असताना चढतो, आणि तुम्हाला घराखालच्या सरकत्या जिन्याचं भ्या वाटतं? पेठेतल्या बाईला भित्री म्हटलेलं चालत नाही. त्यांनी चपला घातल्या.

तपासणीच्या टेबलाशी

पिशवी एका पट्ट्यावर ठेवायची असते, ती बोळकांडीतून पलीकडं जाते आणि आत काय आहे ते पडद्यावर दिसतं. माझी पिशवी गेली आणि पट्टा थांबला. तिथं खाकी कपड्यातली एक पोरगी होती, बोलण्यावरून बीडकडची. तिनं पडद्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, परत पडद्याकडं बघितलं.

"आजी, दगड हैत का आत?"

मी म्हटलं, दगड नव्हेत, आसरा आहेत. तिनं फडकं सोडलं, शेंदूर बघितला आणि तिचा चेहरा पडला, कारण तिला कळलं होतं. तिच्या गावीपण असणारच. तिनं वायरलेसवर साहेबाला विचारलं, एक आजी आहेत, त्यांच्याजवळ सात दगड आहेत. तिकडून आवाज आला, कशाला पाहिजेत दगड? ती म्हणाली, देव आहेत म्हणतात सर. मग आवाज आला, देव असले तरी दगड आत नाहीत न्यायचे. आणि नारळ? नारळ न्या म्हणावं, फोडू नका.

विहीणबाई बाजूला उभ्या राहून मला ओळखत नसल्यासारख्या छताकडं बघत होत्या. मी म्हटलं, पोरी, यांना जमिनीवर ठेवू नकोस. तिनं एक प्लास्टिकचा ट्रे घेतला, लोक किल्ल्या-बिल्ल्या ठेवतात तसला, त्यात सातही ओळीनं मांडल्या आणि टेबलावर ठेवल्या. म्हणाली, तुम्ही येईस्तोवर बघते मी.

सरकत्या जिन्यावर मी विहीणबाईंचा हात धरला, त्यांना आधार म्हणून. खरं सांगते, आधार मलाच पाहिजे होता. डावा पाय खाली चाललेला, उजवा अजून वर, आणि मी मध्ये नऊवारीसकट फाकलेली. मागून एक माणूस म्हणाला, आजी, दोन्ही पाय एकाच पायरीवर. एवढं साधं असतं ते.

खाली गारवा, चकचकीत फरशी, आणि धूळ म्हणून नाही. दर थोड्या वेळानं एक बाई न दिसता बोलते, पिवळ्या रेषेच्या मागं उभे राहा. मला आपल्या जंगल खात्याची गाडी आठवली. ती नाही का उसाच्या कडेनं ओरडत जाते, संध्याकाळी एकटे फिरू नका, बिबट्याचा वावर आहे. तसाच आवाज. फरक एवढाच की इथं बिबट्या वेळेवर येतो आणि दार उघडून थांबतो.

मी ओल शोधायला लागले. खोदलेल्या जागेला कुठंतरी पाझर असतोच. भिंतीला हात लावत लावत फलाटाच्या टोकापर्यंत गेले तर शिट्टी वाजली. परत फिरले. एवढ्यात गाडी आली, दार उघडलं. मला वाटलं, आत काही वेगळं आहे का बघावं, एक पाय टाकून. सरकत्या जिन्यावर शिकलेलं लक्षात होतं, दोन्ही पाय एकाच जागी ठेवायचे. ठेवले. मागं दार मिटलं.

काचेतून मला विहीणबाई दिसल्या. त्यांच्या हातात माझी दुसरी पिशवी, त्यात माझा फोन, बॅटरी वाचावी म्हणून बंद केलेला. त्यांचा चेहरा पांढरा झालेला. मी हात केला, यात्रेला निघाल्यासारखा. त्यांनी नाही केला.

नदीखाली

शेजारी एक बाई बसली होती, मांडीवर कढीपत्त्याची जुडी, बँकेत नोकरीला. तिनं मला धरून बसवलं. मी ओटी पोटाशी धरलेली, नारळ, तांदूळ, खण, बांगड्या, हळकुंड, सुपारी. तिनं विचारलं कुठं जायचंय. मी म्हटलं, कुठंच नाही, मला पाणी पाहिजे. तिनं बाटली काढली. मग मी तिला सगळं सांगितलं. तुम्हाला माझी सवय ठाऊक आहे, मी पोरीच्या सातव्यापासून सुरू केलं. पण ती शहाणी, मध्येच म्हणाली, "मावशी, पाणी म्हणताय ना? आत्ता आपण नदीखालीच आहोत."

मी वर बघितलं. पांढरं छप्पर, दिवे, लोंबत्या कड्या. त्याच्यावर पाषाण आणि पाषाणावर मुठा नदी. आयुष्यभर मी विहिरीत वाकून हात जोडले. त्या दिवशी पहिल्यांदा वर बघून जोडले. म्हटलं, बायांनो, तुम्ही वर आहात आणि मी खाली, चुकून झालंय, समजून घ्या. माझी पोर रोज तुमच्या खालून जाते. तिला सांभाळा आणि आतल्या जीवाला सांभाळा. ओटी दोन्ही हातांनी जरा वर उचलली. समोरचा पोरगा कानातलं काढून बघायला लागला. कढीपत्तावाल्या बाईनंपण हात जोडले आणि मग लाजून जुडी सारखी केली.

पुढच्या स्टेशनवर तिनं मला उतरवून समोरच्या गाडीत बसवून दिलं. परत आमच्या स्टेशनच्या फलाटावर उतरले तेव्हा कानावर आलं, छतातली न दिसणारी बाई सांगत होती, येडगावच्या चंद्राबाई असतील तिथून त्यांनी कर्मचाऱ्यांना भेटावं. सगळ्या स्टेशनात माझं नाव. नारायणगावचं कुणीतरी तिथं होतं, त्यानं लगेच गावाला फोन केला. पारूबाई, तुझी बातमी निघाली ती इथून.

बाकावर

विहीणबाई बाकावर बसल्या होत्या, एका शिट्टीवाल्याच्या शेजारी. मी वाटेत बोलायचं ठरवून ठेवलं होतं, काहीतरी चेष्टेचं. त्यांनी माझं मनगट धरलं आणि सोडेनात. शिट्टीवाला हळूच बाजूला गेला.

मग त्या बोलल्या. मी आजवर त्यांच्या तोंडून पेठेतली साफ मराठी ऐकली होती. त्या दिवशी ती आमच्या बोलीवर आली, मासवडीतली खसखस ओळखणाऱ्या मुलखाच्या.

"तुमी गेलात आन मी एकटीच बसले," त्या म्हणाल्या. "वर बघितलं. म्हटलं, आमचं आंबेगाव आसंच आसंल. वर पाणी आन खाली समदं जागच्या जागी."

मला इतकंच ठाऊक होतं की त्यांचं माहेर मंचरकडं आहे, भाऊ तिथं राहतो. भाऊ तिथं पुनर्वसनात आला, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीपण कधी विचारलं नव्हतं. त्यांचं खरं माहेर जुनं आंबेगाव, डिंभ्याच्या धरणात गेलेलं. आमच्या जावयांच्या वेळी त्यांना माहेरी बाळंतपणाला जायचं होतं, पण तेव्हा घराची कौलं उतरवायचं चाललं होतं. आई म्हणाली, नको येऊस, बसायला छप्पर नाही. पुढं पाणी चढलं तेव्हा त्या इथं, पेठेत, पोळ्या लाटत होत्या.

"माझं गाव गेलं ते मी बघितलं न्हाई," त्या म्हणाल्या. "म्हणून हे बघत बसले. येका जागेचं काय व्हतंय ते तरी शेवटपर्यंत बघावं."

आणि खाली उतरल्या नाहीत त्या एवढ्यासाठी की पाणी जिथं वर असतं तिथं त्यांना जायचं नव्हतं. आणि पाणी जिथं समोर दिसतं तिथंही. आता मला खुर्च्या आठवल्या. शेजारून मागून आणलेल्या, पुसून घेतलेल्या, बरोबर धरणाकडं तोंड केलेल्या चार खुर्च्या. सहा वर्षांचं माझं लोणचं एका क्षणात नासलं. एवढ्या हौसेनं पाहुणीला नेमकं नको तेच दाखवायला मी एकटीच बसवू शकते.

"आमच्या ओट्यावरून पाणी दिसतं म्हणून तुम्ही आत बसलात," मी म्हटलं.

"नातवंड तुमच्याकडं झालं आसतं तर मला यायला लागलं आसतं," त्या म्हणाल्या. "म्हणून फोन केला. दवाखान्याचं निमित्त."

हातात ओटी होती. मी उठले, म्हटलं विहीणबाई, पदर पसरा. त्या म्हणाल्या, आसरांची आहे ना ती? मी म्हटलं, मी त्यांना नदीखालून दाखवून आणली, सातजणींतली एकही नाही म्हणाली नाही. जावयांच्या वेळी माहेरी तुमची ओटी कुणी भरली नाही. मी त्याच मुलखातली आहे, डोंगर एकच, मध्ये फक्त घाट. मी भरते.

त्यांनी पदर पसरला. तांदूळ, नारळ, खण. काही तांदूळ त्या चकचकीत फरशीवर सांडले, ते मी वेचले नाहीत. मग बांगड्या घेतल्या आणि त्यांच्या हातात चढवल्या, माप बरोबर बसलं. चाचांनी माझ्याकडं बघून अंदाज केला असेल. न दिसणारी बाई वरून सांगत होती पिवळ्या रेषेच्या मागं उभे राहा, आम्ही मागंच होतो.

वर आलो तर तपासणीची पोरगी कावरीबावरी. ट्रेमध्ये माझ्या साती बहिणी ओळीनं, आणि त्यांच्यापुढं झेंडूची फुलं. लोक किल्ल्या काढायला टेबलाशी यायचे, शेंदूर दिसला की हात जोडून पुढं जायचे. बाजारातून येणाऱ्या कुणी फुलं ठेवली. तिनं सांगितलं, आजी लवकर न्या, साहेबांनी बघितलं तर देऊळ होईल हितं.

पुन्हा येडगाव

आता भांडणाचं सांगते. संध्याकाळी वैशाली घरी आली तेव्हा आम्ही दोघी कडाक्यानं भांडत होतो, फक्त बाजू बदलून. विहीणबाई म्हणत होत्या, घेऊन जा पोरीला, जिला माहेर आहे तिनं जावं. मी म्हणत होते, अजिबात नाही, दवाखाना इथं आहे, वरून नदी सांभाळतेय, इथंच होऊ द्या. व्याही दोघींना हो म्हणत होते. वैशालीनं पर्स ठेवली, पाय वर घेऊन बसली आणि म्हणाली, "मला कुणी विचारणार आहे का?"

मग तिनंच ठरवलं. बाळंतपण पुण्यात, आणि दवाखान्यातून सुटली की सव्वा महिना येडगावला. सासूबाई बरोबर. विहीणबाई पोळ्या लाटायला उठल्या. बांगड्या तेवढ्या वाजल्या.

मी सातही आसरा परत आणल्या, आमच्या विहिरीच्या काठाला बसवल्या. आमचे हे म्हणाले, पुण्याचं पाणी बघून आल्या, आता इथलं आवडेल का त्यांना?

हे छापून आलं की एक प्रत विहीणबाईंना जाणार आहे, तेव्हा शेवटचं त्यांच्याशीच बोलते. पारूबाई, तू ऐकलंस तरी चालेल, तसंही ऐकणारच आहेस.

विहीणबाई, बाळाची वाट बघू नका, त्याच्या आधीच या. शेजारच्या चारही खुर्च्या मी पुन्हा मागून आणल्या आहेत आणि ओट्यावर मांडल्या आहेत, गोठ्याकडं तोंड करून. समोर म्हैस दिसेल, शेणाची पाटी दिसेल, पारूबाई चोरून बघताना दिसेल. पाणी पाठीमागं राहील. बसा, मासवडी खा, माझी खसखस कच्ची राहिली असेल तर बोला. आणि कधी आपणहून वाटलं की जरा वळून बघावं, तर खुर्ची जड आहे, एकट्या उचलू नका. मला हाक मारा, दोघी मिळून फिरवू.